आईच्या खुब्याचे केसपेपर

"स्टिकर आणलंय?"

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या ओपीडीत त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं आणि मी आईच्या पिशवीतून रेशनकार्डापासून एक्सरेपर्यंत सगळं टेबलावर काढलं. स्टिकर कसलं तेच मला ठाऊक नव्हतं. मागे पंचवीस-तीस माणसं ताटकळत होती, तरी त्यांनी थांबून समजावलं. खुब्यात कृत्रिम सांधा बसवतात त्याच्या खोक्यात छोट्या चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर छापलेला असतो. ऑपरेशन झालं की त्यातली एक केसपेपरवर डकवतात. "ते स्टिकर आणि ऑपरेशनची नोंद आणा. नाहीतर आत काय बसवलंय ते मी अंदाजाने सांगणार. अंदाजाने कशाला सांगू?"

आमच्याकडे होतं फक्त डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनची तारीख, 'उजवा खुबा, हेमीआर्थ्रोप्लास्टी' (म्हणजे खुब्याचा अर्धा सांधा बदलणं), पाच गोळ्यांची नावं आणि 'प्रकृती समाधानकारक'. प्रकृती समाधानकारक असलेली आई बाकावर एका कुशीला कलून बसली होती.

मागचं थोडक्यात सांगते. २०२४ च्या एप्रिलमध्ये आई मोरीत घसरली. वय ७४. आम्ही भांडुपचे. दादाच्या मेडिक्लेमवर कॅशलेस होईल म्हणून दोन स्टेशनं पलीकडच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, सहाव्या दिवशी घरी. पाच आठवडे झाले तरी वॉकर सुटेना आणि रात्री पाय ठणकायचा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "वय झालंय आजींचं, दुखणारच." ते खोटं असेल असं नाही. पण वय ऑपरेशनच्या आधीही तेवढंच होतं.

केईएमहून परतताना आई ट्रेनमध्ये गप्प होती. मी मात्र निवांत होते. कागद तर आणायचेत, एक चक्कर मारायची, झेरॉक्स काढायची, संपलं. मी पोस्टात काउंटरवर काम करते, २६ वर्षं झाली. कागद मागणारे आणि कागद नाकारणारे, दोन्ही प्रकार रोज बघते. तरीही चुकले.

पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, इनडोअर पेपर, म्हणजे भरती असतानाचे कागद, हॉस्पिटलची प्रॉपर्टी असते." दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "आम्ही फक्त टीपीएला, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला देतो, पेशंटला नाही." तिसऱ्या खेपेला डॉक्टरसाहेब कॉन्फरन्सला गेलेले, आणि तेच मॅनेजर आवाज जरा खाली आणून म्हणाले, "केस करायचीय का तुम्हाला? मग कोर्टाची ऑर्डर घेऊन या."

त्या 'केस करायचीय का' ने मी गारठले, हे कबूल करते. मला केस करायची नव्हती. मला फक्त एक स्टिकर बघायचं होतं. पण त्या प्रश्नानंतर मी काहीतरी वाईट मागत असल्यासारखं वाटायला लागलं. घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "कशाला डॉक्टरांशी वाकडं घेतेस? उद्या रात्री-अपरात्री गरज लागली तर तिथेच जायचंय." वहिनीही मान हलवत होती. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं.

त्या तिसऱ्या खेपेला एक गोष्ट मात्र घडली होती. मॅनेजरची वाट बघत बसले असताना वॉटर कूलरच्या मागे भिंतीवर एक बोर्ड दिसला. कूलरमुळे खालचा अर्धा भाग झाकलेला, वरच्या अर्ध्यावर मराठीत 'रुग्णहक्क सनद'. मी उठून, मान वाकडी करून, पाणी पिण्याचं सोंग करत वाचलं. उपचारांची माहिती, खर्चाचा अंदाज, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याची मुभा आणि कूलरच्या अगदी कडेला, वैद्यकीय कागदपत्रांची प्रत मिळणे. म्हणजे ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याच भिंतीवर हो लिहिलेलं. मोबाइलवर फोटो काढला. फोटोत माझा हात आणि प्लास्टिकचा ग्लासही आलाय.

हा बोर्ड त्यांनी हौसेने लावलेला नव्हता. आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम युनियनच्या कामामुळे कायद्याची कात्रणं जमवतात. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी सगळं मांडलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद तयार केली. आपल्या राज्यात नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा, त्याखालचे नियम १९७३ चे. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर जानेवारी २०२१ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दर्शनी भाग म्हणजे कूलरची मागची बाजू हा अर्थ नंतर कुणीतरी काढला असावा.

कागदांबद्दलचा नियम तर त्याहून जुना. मुंबई उच्च न्यायालयानेच रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ साली सांगून ठेवलंय की रुग्णाने मागितली तर केसपेपरची प्रत द्यावी लागेल, खर्च घ्या पण प्रत द्या. पुढे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मुदतही आली: मागणी केल्यापासून ७२ तासांत. भरती झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं सांभाळायची, हेही त्यातच. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली निघाली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू राहिली. मॅनेजरचं 'प्रॉपर्टी' प्रकरणही मॅडमनी एका वाक्यात निकालात काढलं: "मूळ कागद त्यांचा असू दे ना, तुला झेरॉक्स हवीय."

मग अर्ज लिहिला. चारच ओळी. आईचं नाव, आयपीडी नंबर, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख. खाली मागणी: संपूर्ण इनडोअर केसपेपर, ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद, संमतीपत्र, सिस्टरांचे चार्ट, इम्प्लांटचं स्टिकर. शेवटी 'लागेल तो झेरॉक्सचा खर्च द्यायला तयार आहे'. रागाचा एक शब्द नाही. माझी सही. रिसेप्शनवरच्या मुलीने अर्ज घेतला, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारायला तयार होईना. "आम्ही पोच देत नाही." ज्या अर्जाची पोच नाही तो अर्ज दिलाच नाही असं समजायचं, हे मी काउंटरपलीकडच्या माणसांना हजारदा सांगितलंय. अर्ज उचलला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच ऑफिसातून रजिस्टर पोस्टाने, पोचेच्या कार्डासकट रवाना केला. शेजारच्या काउंटरवरच्या भाऊंनी वजन करताना पत्ता वाचला आणि म्हणाले, "ताई, कोण आजारी?" (ते रजिस्टर पोस्टही आता राहिलं नाही, २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं.)

चौथ्या दिवशी पोचेचं कार्ड परत आलं, त्यावर त्याच मुलीची सही. ७२ तास गेले. मग आठवडा गेला. फोन केला की 'साहेबांना दाखवलंय'.

मुंबईत नर्सिंग होमची नोंदणी आणि नूतनीकरण महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून होतं. तिथे वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतात, सगळे त्यांना एमओएच म्हणतात. मी सुट्टी टाकून फाइल घेऊन गेले: पोचेचं कार्ड, अर्जाची प्रत, कूलरचा फोटो प्रिंट करून. आवक खिडकीवर तक्रार दिली, नंबर घेतला, आणि तासाभराने आत बोलावलं. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी फाइल चाळली, फोटो बघून जरा हसले, आणि अर्जावर बोट ठेवलं.

"पेशंट कोण?"

"आई."

"शुद्धीवर आहेत?"

"हो, चांगल्या खणखणीत."

"मग सही तुमची का?"

मी म्हटलं, मी मुलगी आहे, सगळं मीच बघते. ते म्हणाले, "असाल. पण तुमच्या ऑफिसात उद्या मी आलो आणि तुमच्या आईंच्या खात्याचा उतारा मागितला तर द्याल? हेही तसंच आहे. पेशंटची माहिती भलत्याच्या हातात जाऊ नये हाही त्यांचाच हक्क. हॉस्पिटल बाकी सगळं चुकलंय, पण या एका मुद्द्यावर त्यांनी बोट ठेवलं असतं तर मला काही बोलता आलं नसतं."

मी पोस्टातली. सही जुळली नाही म्हणून विड्रॉल परत करणारी. कान गरम झाले. पेशंट धडधाकट असेल तर अर्ज पेशंटचा, दुसऱ्याने आणायचा असेल तर सोबत अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं. पेशंट हयात नसेल किंवा सही करण्याच्या स्थितीत नसेल तरच जवळच्या नातेवाइकाचा. इतकं साधं. आणि तीन आठवड्यांत मला, दादाला, युनियनच्या मॅडमना, कुणालाच सुचलं नव्हतं की आईला सही मागावी.

संध्याकाळी नवा अर्ज घेऊन तिच्या खाटेशी बसले. तिने चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी घाईत, मला भात लावायचा होता. 'भुलीची नोंद' म्हणजे काय विचारलं. 'संमतीपत्र' म्हणजे काय विचारलं. वडिलांचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, वेलांटी पहिली होती, ती तिने दुसरी करून घेतली. मग सही केली, पेन्शनच्या स्लिपवर करते तशी, शेवटच्या अक्षराला शेपूट ओढून. पेन परत देताना म्हणाली, "ह्या पयल्यांदाच कोणी माका वाचूक दिल्यान."

तेव्हा मला ते वाक्य नीटसं लागलं नाही. लागलं चार दिवसांनी.

यावेळी एमओएचनी माझ्यासमोर नर्सिंग होमला फोन लावला. फार काही बोलले नाहीत. नियम सांगितला, ७२ तास सांगितले आणि "नूतनीकरणाची तुमची फाइल इकडेच आहे ना?" एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅनेजरचा मला फोन, "मॅडम, तुम्ही कधीही या." प्रोसेसिंगचे २००० म्हणून बघितलं त्यांनी. मी म्हटलं, पावतीवर तसं लिहून द्या, मी देते. मग झेरॉक्सचा खर्च, पानामागे ५ रुपये, ८६ पानांचे ४३०, आणि पावती.

पानं तिथेच सोफ्यावर बसून मोजली, हा सवयीचा भाग. मोजल्यावर तारखेने लावली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा सिस्टरांचा चार्टच नव्हता. मागितल्यावर पाच मिनिटांत आला, म्हणजे तो लपवला नव्हता, राहिला होता. मग ती पानं ८८ झाली आणि जादाचे १० रुपये त्यांनी सोडून दिले. स्टिकर सापडलं. झेरॉक्समध्ये करडं झालेलं, पण माप आणि लॉट नंबर वाचता येत होते. नखाएवढ्या त्या कागदासाठी एक महिना.

संमतीपत्र नवव्या पानावर होतं.

छापील इंग्रजी फॉर्म. ऑपरेशनच्या नावाची जागा एका पेनाने भरलेली, बाकीचं दुसऱ्याने. 'मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगितले आहे' अशा अर्थाच्या ओळीखाली सही दादाची. त्याच्या शेजारी 'रुग्ण सही करू शकत नसल्यास कारण' ही जागा कोरी. दोन महिन्यांपूर्वी त्याच दिवशी त्याच पलंगावर आईने डिपॉझिटसाठी दादाला चेक सही करून दिला होता. म्हणजे चेकवरची सही चालली. पायावरची नको होती.

दादाला दोष मी देणार नाही. रात्री साडेदहाला काचेच्या खिडकीपाशी गठ्ठा पुढे सरकवून 'इथे, इथे, आणि इथे' म्हणणारं कुणी असलं की माणूस करतोच. मी असते तर मीही केली असती. पण सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली प्रकरणातला २००८ चा निकाल याच प्रश्नाचा आहे, हे मॅडमनी नंतर दाखवलं. ४४ वर्षांची बाई तपासणीसाठी गेलेली. ती भुलीत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि समजत्या माणसाच्या वतीने आईची सही चालत नाही. तिथे मुलीसाठी आईची, आमच्याकडे आईसाठी मुलाची. आमचं ऑपरेशन गरजेचं होतं, ते करायला आई हो म्हणालीच असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला मात्र विचारलं नाही.

ते पान मी आईला दाखवावं की नाही यावर दादाचं आणि माझं किचनमध्ये कुजबुजत भांडण झालं. भिंत पातळ. बाहेरून आवाज आला, "काय ता माका दाखव." दाखवलं. तिने कागद लांब धरून बघितला, इंग्रजी तिला येत नाही, पण मुलाची सही ओळखू आली.

"पाय माझो, नि सई नंदूची?"

दादा खाली बघत बसला. ती चिडली नव्हती. मला वाटतं तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. मग म्हणाली, त्या रात्री खोलीत डॉक्टर आले, दादाशी बोलले, एक्सरे दाखवला, गेले. ती मधे पलंगावर होती. 'किती दिवस लागतील चालायला' असं तिने विचारलं होतं आणि उत्तर दादाला मिळालं होतं.

ओळखीतल्या दोघांनी ग्राहक आयोगात जा म्हणून सुचवलं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलंय, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही, हे सगळं मी वाचून ठेवलं. गेलो नाही. आईने एक पत्र मात्र लिहायला लावलं, नर्सिंग होमच्या नावाने, तिच्या सहीचं: मी शुद्धीत होते, पुढच्या वेळी पेशंटला विचारा. उत्तर आलं नाही. पोचेचं कार्ड आलं.

केईएमला पुन्हा गेलो. त्याच डॉक्टरांनी स्टिकर बघितलं, ऑपरेशनची नोंद दोनदा वाचली, जुना आणि नवा एक्सरे दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. सांधा व्यवस्थित बसलाय म्हणाले. माप बरोबर, काम स्वच्छ. मी मनाशी कुठल्यातरी मोठ्या चुकीची तयारी करून आले होते. ती नव्हतीच. जे कागद एक महिना अडवून धरले, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट त्या सर्जनची बाजू त्यातूनच सिद्ध होत होती. मॅनेजरना हे सांगावंसं वाटलं, मग राहिलं.

डॉक्टरांनी आईला टेबलावर झोपवून टेपने दोन्ही पाय मोजले. उजवा साधारण एक सेंटिमीटर लांब झालाय, असं होतं, आणि त्यामुळे कंबर एकीकडे कलते. शिवाय व्यायाम कुणी नीट सुरूच करून दिला नव्हता. "रात्री दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"हो, दोन वाजता उठतेच ती," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे न बघता आईकडेच बघत राहिले, तिने उत्तर देईपर्यंत. आई म्हणाली, "दोनला नाय, चारला. दोनला ही उठता."

फिजिओच्या खोलीत व्यायाम दाखवले आणि डाव्या चपलेला आतून-बाहेरून एक सेंटिमीटर उंची द्या असं कागदावर लिहून दिलं. भांडुप स्टेशनबाहेर पुलाच्या पायथ्याशी एक चांभारकाका बसतात. त्यांनी कागद बघितला, चप्पल उलटी केली, टायरच्या रबराचा तुकडा लावून बघितला आणि मला विचारलं, "ताई, एवढं पुरेल?"

आई वॉकर पुढे सरकवत मध्ये आली.

"तिका काय इचारतंस? माका इचार. घालून बघूक दी."